शोभेची चूल

झूटरमेर,
२८ सप्टेंबर २०२४

ती. सौ. ताईस,
सरलाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

नात झाल्याचं तुला फोनवर कळवलंच आहे. फोनवर जे सांगता आलं नाही त्यासाठी हे पत्र. इथल्या भिंती पुठ्ठ्याच्या असाव्यात, मी स्वयंपाकघरात कुजबुजले तरी वर अमृताला ऐकू जातं आणि मला बोलायचंय ते नेमकं तिच्याबद्दलच. शिवाय छत्तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसून जगाची पत्रं तोलली, मला पत्राचा कंटाळा कसा येईल? हे म्हणतात, साताऱ्याला पत्र पोचेपर्यंत नात चालायला लागेल. म्हणू देत.

मुलगी सारंगच्या वळणावर गेली आहे, नाक मात्र ह्यांचं. नाव जुई ठेवायचं ठरलंय. अमृताला आई नाही, म्हणून माहेरचं बाळंतपणही आपणच करायचं असं मनाशी ठरवून मी आले होते. डिंक, हळीव, मेथ्या, सगळं बॅगेत भरून आणलं. पण इथे डच लोकांत बाळंतिणीकडे आठ दिवस एक बाई येते, त्या सोयीला क्राम्झोर्ग म्हणतात. ती सकाळी आली की आधी खिडक्या सताड उघडते. पाळण्यात पत्र्याची गरम पाण्याची बाटली ठेवते, तेवढाच काय तो शेक. आल्यागेल्याला टोस्टवर बडीशेपेच्या गोळ्या पसरून देते, ते मात्र मला आवडलं.

परवा ती बाई दुकानात गेलेली पाहून मी नारळाची करवंटी गॅसवर पेटवली, निखारे केले आणि ओवा टाकून बाळाला धुरी द्यायला गेले. ताई, छताला लावलेलं यंत्र असं काही बोंबललं की शेजारची बाई चपला न घालता धावत आली. अमृताने जुईला माझ्यासमोरून उचललं. मुलगी इथल्या वाखनिंगनच्या विद्यापीठात बियाण्यांवर संशोधन करून आलेली, तिने मला धूर आणि बाळाची फुप्फुसं ह्यावर व्याख्यान दिलं. संध्याकाळी सारंगने हात जोडून सांगितलं की ह्या घरात पुन्हा निखारा नको. मी त्याला कसं वाढवलं ते त्याला कोण सांगणार?

पुढच्या महिन्यात इथे सुट्टी असते. सारंगच्या ऑफिसातल्या ओळखीने फ्रान्समधल्या खेड्यात एक जुनं घर आठवडाभर मिळालंय. सव्वा महिना व्हायच्या आत बाळंतिणीला सात-आठ तास गाडीत घालायचं! पण हे तर खूश आहेत. जन्मभर बांधकाम खात्यात पूल बांधले, आता दगडी घर बघायचंय. फोटोत तळमजल्याच्या खोलीत भिंतीतली चूल दिसते. मला तेवढं एकच बरं वाटलं.

तू सांग मी काय करू. माझ्यावर जीव आहे तो असाच राहू दे.

तुझी,
सरला


सातारा,
७ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. सरलास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं, दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा हसले. शेजारच्या बर्व्यांचा ओमकार तुमच्याच देशात ब्रेड्याला नोकरीला असतो, तो सुट्टी संपवून परत निघालाय. त्याच्याबरोबर हे पत्र आणि एक पुडकं देते आहे. त्यात बाळंतशेपा, ओवा, वावडिंग आणि धूप आहे. विमानतळावर कोणी विचारलं तर मसाला म्हणून सांग, असं त्याला बजावलंय.

सून शिकलेली आहे म्हणून तू घाबरतेस काय? बाळंतिणीच्या अंगात वारं शिरलं की जन्माची कंबर जाते. आमच्या सूनबाईने, सानिकाने ऐकलं नाही. आज चौतिशीत कमरेला पट्टा बांधून हिंडते आणि मला विचारते की आई, तेव्हा तुम्ही जोर का नाही केला? तिच्यावर वेळ आली तेव्हा मी भिडेपोटी गप्प बसले, ते मला अजून लागतं.

तेव्हा विचारत बसू नकोस. त्या फ्रान्सच्या घरात चूल आहे म्हणतेस, तर निखारे कर, खोली शेकून काढ, दारं-खिडक्या लावून घे आणि मग तिला बोलाव. ऊब लागली की आपोआप पाठ टेकेल. बाळंतपणात सुनांना विचारून कोणी काही केलंय का? तुझ्या शिरीषरावांना मात्र आधी सांगू नकोस, ते तिची बाजू घेतील.

जुईला माझी पापी. म्हातारीची आठवण ठेव.

तुझी,
सुनीतीताई


फ्रान्स,
२१ ऑक्टोबर २०२४

ती. सौ. ताईस,
सरलाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

आम्ही शनिवारी इथे पोचलो. मोर्वाँ म्हणून डोंगराळ भाग आहे, आजूबाजूला गायी, झाडी आणि पाऊस. घर एके काळी जमीनदाराचं होतं. दारावरच्या दगडात १७३४ साल कोरलंय. मधे साठ वर्षं छप्पर पडून ओसाड होतं म्हणे. ब्रेड्याच्या शाळेत सुतारकाम शिकवणाऱ्या विम नावाच्या मास्तराने ते घेतलं आणि एकोणीस उन्हाळे त्याने आणि त्याच्या बायकोने, हेनीने, स्वतःच्या हाताने ते उभं केलं. ओकच्या तुळया खिळा न मारता लाकडी खुंट्यांनी जोडल्यात. भिंतींना चुन्याचा गिलावा. बाथरूम मात्र चकचकीत.

किल्ल्या द्यायला विम स्वतः थांबला होता. हे आणि तो, दोघं सत्तरी ओलांडलेले, दोघांचं इंग्रजी मोडकं, पण दोन तास भिंतींवर हात फिरवत हिंडले. छप्पर झालं, गटार झालं, धुरांडं झालं, ह्यांनी येऊन मला सगळं सांगितलं. मी तेव्हा तुपाची बरणी कुठे ठेवावी ह्या विवंचनेत होते. ह्यांची एकच तक्रार, की खिडक्या इतक्या घट्ट बसवल्यात की हवा यायची कुठून? इंजिनिअर माणूस, चांगल्या घरातही खोड काढणारच.

गारठा मात्र हाडात शिरतो. अमृता शालही नीट घेत नाही. तळमजल्यावरची ती चुलीची खोली मी तिच्यासाठी ठरवली आहे. चुलीत सुकलेल्या फुलांची परडी आणि पुढे लोखंडी जाळीचा पडदा ठेवलाय. मागच्या कोठीत कोळशाची गोणी आहे, स्वयंपाकघरात बिडाचं खोलगट भांडं आहे आणि तुझं पुडकं माझ्या उशीखाली. उद्या सकाळी जुईची आंघोळ झाली की बघते. तू म्हणतेस तसं, विचारायचं नाही.

हे खाली सारंगबरोबर भिंतीची जाडी मोजताहेत. पासष्ट सेंटिमीटर, असं ओरडून सांगतायत, जसं काही मी विचारलंच होतं. घरी आल्यावर तुला हेच ऐकावं लागणार आहे.

सगळ्यांना नमस्कार. तुझी माया मागायची वेळ अजून तरी आली नाही, ती आपली मिळतेच.

तुझी,
सरला


सातारा,
३ नोव्हेंबर २०२४

चि. सरलास,
आशीर्वाद.

नावापुढे सौ. लिहायला हात गेला आणि थांबला. पन्नास वर्षांची सवय आहे.

तुझं फ्रान्सचं पत्र काल आलं. माणूस जाऊन अकरा दिवस झाले आणि पत्रात ते भिंत मोजतायत. मी ते वाचून देवापुढे ठेवलं, पण पुन्हा उघडायचा धीर झाला नाही. दिवाळीत आम्ही कंदील लावला नाही.

फोनवर तू नुसती हो आणि नाही म्हणतेस. सारंग म्हणाला की रक्तात विषारी वायू सापडला, आंघोळीच्या पाण्याचा गॅसचा बंब त्या खोलीच्या भिंतीला लागूनच होता आणि त्याची धुराची नळी घरमालकाने स्वतः जोडली होती. त्या माणसाला सोडणार नाही म्हणाला. पैसा नको, त्याला शिक्षा हवी म्हणाला. मला ते पटलं. असल्या माणसाला माफी कशाला?

पण सरला, मला झोप लागत नाही. मंगळवारी सकाळी तू काय करणार होतीस ते तुझ्या पत्रात लिहिलं आहे. मला काय ते सांग. मी तुझी मोठी बहीण आहे, तुझ्या पाठीशी उभी राहायला मला काही कारण लागत नाही.

सुनीतीताई


झूटरमेर,
१३ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. ताईस,
सरलाचा नमस्कार.

सांगते. तुला सांगितलं नाही तर मी कोणालाच सांगणार नाही.

त्या सकाळी मी अंगणात कोळसे पेटवले, लाल होऊ दिले आणि बिडाच्या भांड्यात घालून खोलीत आणले. परडी बाजूला ठेवून भांडं चुलीत सरकवलं. ओवा आणि शेपा टाकला. खिडकीच्या फटी असतील म्हणून टॉवेल लावायला गेले, पण फट नव्हतीच. मग अमृताला बोलावलं. तिने दारातूनच वास घेतला आणि म्हणाली की ती बाळाला घेऊन ह्या खोलीत पाऊल टाकणार नाही. माझ्या तोंडून वाईट शब्द गेले, तिच्या नसलेल्या आईवरून गेले. तिने जुईला बाबागाडीत घातलं आणि पावसाची भुरभुर असतानाही रस्त्याने चालायला निघून गेली.

मी भांडं बाहेर काढायला हवं होतं. पण मला वाटलं, येईलच गारठून, मग कळेल शेक काय असतो ते. चुलीपुढे जाळीचा पडदा ओढला, दार लोटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रागाने भाकऱ्या थापत बसले. हे कधी खोलीत गेले ते मला माहीत नाही. जेवायला हाक मारली, ओ आली नाही. बाहेर असतील म्हणून मी आणखी थांबले. किती थांबले ते विचारू नकोस.

दार उघडलं तेव्हा ते कुशीवर निजले होते. चेहरा चांगला गुलाबी दिसत होता, मला वाटलं छान झोप लागली आहे. मग हात लावला. मी आधी ओरडले की आधी भांडं उचललं हे मला खरंच आठवत नाही. एवढं आठवतं की मी ते फडक्याने धरून विहिरीजवळच्या दगडी डोणीत उपडं केलं. खोलीत हवा यावी म्हणून केलं असेन. पण मग परत आले आणि फुलांची परडी चुलीत जागेवर ठेवली. ताई, ते मी कशासाठी केलं?

ती चूल नुसती शोभेची आहे. ऊब निघून जाऊ नये म्हणून विमने धुरांडं वरून बंद केलंय. पहिल्याच दिवशी त्याने ह्यांना सांगितलं होतं आणि ह्यांनी मला. मी तुपाची बरणी हातात धरून हं म्हणाले होते.

फ्रेंच पोलीस आले. अमृता कॉलेजात फ्रेंच शिकलेली, तिने मधे बसून मला मराठीतून प्रश्न सांगितले. खोलीत काही पेटवलं होतं का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना नाही म्हणून सांगितलं. एवढ्यावर ते संपलं.

आता सगळं त्या बंबावर गेलं आहे. नळीची जोडणी नियमाला धरून नव्हती असं तपासात निघालं. सारंग रोज संध्याकाळी वकिलाशी बोलतो. एकदा त्याने विमला फोन केला होता. माझा मुलगा कोणावर असा ओरडू शकतो हे मला माहीत नव्हतं. मी शेजारी बसून मटार सोलत होते.

जुईला मी हातात घेत नाही. सगळ्यांना वाटतं की दुःखाने.

सरला


सातारा,
२१ नोव्हेंबर २०२४

चि. सरलास,
आशीर्वाद.

स्पीड पोस्टाने पाठवते आहे. नीट वाच आणि ऐक.

कोणाला काही सांगू नकोस. तू जाणूनबुजून काही केलेलं नाहीस. चार पिढ्या आपल्याकडे शेगडी पेटली, कोणी मेलं नाही, कारण आपली घरं कौलांची होती आणि वारा आतबाहेर खेळायचा. त्या माणसाने घर डबीसारखं बंद केलं, खोटी चूल करून ठेवली, तर त्याचाही दोष आहेच. त्याची नळीही नियमात नव्हती म्हणतेस. मग झालं तर.

सारंग एकुलता एक. गेलेला माणूस परत येणार नाही, पण हे बोललीस तर आहे तो मुलगाही जाईल. वडिलांना आईने मारलं, हे घेऊन त्याने कसं जगायचं? आणि परक्या देशात तुला धरून नेलं तर मी इथून काय करणार आहे? झाकली मूठ सव्वा लाखाची. दहा डिसेंबरला तुझा व्हिसा संपतो, मुकाट्याने विमानात बस आणि माझ्याकडे ये. आमच्याबरोबर राहा.

आणखी एक. माझं सात तारखेचं पत्र फाडून टाक. पुडक्याबद्दल कोणाला बोलू नकोस. मी काय लिहिलं होतं ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. दारं-खिडक्या लावून घे, असं मीच लिहिलं होतं. मी हे माझ्यासाठी सांगत नाही, असं लिहिणार होते, पण थोडं माझ्यासाठीही सांगते आहे.

रागावू नकोस माझ्यावर. ह्या वयात मी दुसरी बहीण कुठून आणू?

सुनीतीताई


झूटरमेर,
३० नोव्हेंबर २०२४

ती. सौ. ताईस,
सरलाचा नमस्कार.

काल विम आणि हेनी घरी आले. न कळवता आले. त्यांच्या वकिलाने जाऊ नका म्हणून सांगितलं होतं, तरी आले. सारंग ऑफिसात होता. अमृताने दार उघडलं आणि त्यांना आत घेतलं.

फ्रान्समध्ये पाहिला तो माणूस राहिला नाही. कोट अंगावर लोंबत होता. बस म्हटलं तरी बसला नाही, हात पुढे धरून शाळेतल्या मुलासारखा उभा राहिला आणि एकेक वाक्य बोलला. अमृता जमिनीकडे बघत मला ते मराठीत सांगत होती. तो म्हणाला की घर उभारताना त्याने ती नळी स्वतः जोडली, पैसे वाचवायला नाही, तर सगळं आपल्या हाताने करायच्या हौसेने. माझ्या नवऱ्याचा जीव त्याच्या हौसेने गेला असं तो म्हणाला. माफी मागायला तो आला नव्हता, कारण अशी गोष्ट माफ करता येत नाही. फक्त माझ्यासमोर येऊन सांगायला हवं असं त्याला वाटलं. पुन्हा त्या घरात पाय ठेववत नाही, ते तसंच पडू देणार आहे, असंही म्हणाला. आजवर आलेल्या सगळ्या पाहुण्यांत ते बांधकाम ह्यांच्याइतकं कोणाला कळलं नव्हतं, असं शेवटी म्हणाला आणि तोंड फिरवलं.

मग तिघंही माझ्याकडे बघत राहिले. मी म्हणाले की चहा घ्या. अमृताने तेवढंच त्यांना सांगितलं. त्यांनी चहा घेतला. हेनीने जाताना मला जवळ घेतलं आणि मी घेऊ दिलं.

ते गेल्यावर अमृता कप धूत होती. मागे न वळता तिने मला सांगितलं की त्या दिवशी फिरून ती आली तेव्हाही खोलीत ओव्याचा वास होता. पोलिसांना तिने मी म्हणाले तेच सांगितलं, कारण तेव्हा मी नुकतीच नवरा गमावून बसले होते आणि तिला वाटलं की दोन दिवसांत मी स्वतःच बोलेन. त्याला पाच आठवडे झाले. सारंगला ती काही सांगणार नाही, ते माझं काम आहे. पण मी बोलले नाही तर ह्यापुढे जुईला माझ्याजवळ सोडणं तिला जमणार नाही, असं ती म्हणाली. आवाज चढवला नाही.

ताई, ह्या मुलीला मी आईवरून बोलले होते.

तुझं पत्र मी फाडलेलं नाही. पोस्टातल्या बाईच्या हातून पत्र फाटत नाही. पण तुझं नाव मी घेणार नाही. दारं-खिडक्या तू लिहिल्यास, लावल्या मी. उद्या रविवार आहे, सारंग घरी असेल. सकाळीच सांगते. संध्याकाळपर्यंत थांबले तर पुन्हा चहाच करीन.

तुला हे आवडणार नाही. तरी मला टाकू नकोस.

सरला


झूटरमेर,
७ डिसेंबर २०२४

ती. सौ. ताईस,
सरलाचा नमस्कार.

हे पत्र मी आल्यानंतर तुला मिळेल. समोर बसून मला हे बोलता येणार नाही, म्हणून आधीच लिहून ठेवते.

रविवारी पोहे झाल्यावर सांगितलं. कोळसे, भांडं, पडदा, डोण, परडी, पोलिसांना दिलेलं उत्तर, सगळं क्रमाने. सारंगने मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी त्याने विचारलं की कोळसे नक्की कुठे टाकले. मी सांगितलं. तो वर निघून गेला.

सोमवारी त्याने वकिलाला तक्रार मागे घ्यायला सांगितलं. अमृताने माझा जबाब फ्रेंचमध्ये लिहिला, मी खाली मराठीत सही केली. पुढे ते मला बोलावतील की नाही, माहीत नाही. बोलावलं तर जायचं आहे.

विमला अमृतानेच फोन केला. मी शेजारी उभी होते. तिने त्याला सगळं सांगितलं. मग त्याने विचारलं की म्हणजे बंब ठीक होता? अमृता हो म्हणाली. त्याने पुन्हा तेच विचारलं, तिने पुन्हा हो म्हटलं. नंतर तो हेनीला हाका मारू लागला आणि फोनवर नुसतं रडणं ऐकू आलं. शेवटी त्याने मला निरोप दिला. ती चूल आपण विटांनी बुजवायला हवी होती, म्हणाला. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सारंग पाच दिवस माझ्याशी बोलला नाही. ताट वाढलं की जेवायचा, आणि ताट स्वतः धुऊन ठेवायचा. जुई झोपली की अमृता तिला माझ्याजवळ ठेवून अंघोळीला जायची, ते पाहून तो नजर वळवायचा. मी म्हटलं, हे असंच राहणार, मी दोन दिवसांनी जाणारच आहे.

काल सकाळी मी बॅग भरत होते. तो दारात येऊन उभा राहिला, अंगात जाकीट, हातात सायकलची किल्ली. मला म्हणाला की त्या दिवशी बाबा भिजून कुडकुडत होते. त्यांना चहासाठी माझ्याकडे स्वयंपाकघरात यायचं होतं. त्यानेच त्यांना अडवलं, की तिकडे जाऊ नका, आईचं आणि अमृताचं बिनसलंय, त्या खोलीत चांगली ऊब आहे, तिथे जरा पडा. बाबांनी पाठ टेकल्यावर त्यांच्या अंगावर पांघरूण घातलं आणि ऊब जाऊ नये म्हणून दार बाहेरून त्यानेच घट्ट ओढून घेतलं. ऊब कसली आहे हे त्याने पाहिलं नाही, त्याच्या मनातही आलं नाही. त्या दिवसापासून त्याला ते दार लागल्याचा आवाज येतो, म्हणाला. दोष विमचाच असायला हवा होता. म्हणून तो विमवर ओरडत होता.

ताई, माझा मुलगा सहा आठवडे हे एकटा घेऊन बसला होता आणि मी शेजारी मटार सोलत होते. सारंग, तुझा ह्यात काडीचा दोष नाही, एवढंच मला म्हणायचं होतं. ते खरं आहे, आणि ते त्याला सांगू शकेल असं जगात मी एकटीच माणूस आहे. मी तसं म्हणालेही. त्याने माझ्याकडे बघितलं. खोलीत काही पेटवलं नव्हतं, हे मी ज्या तोंडाने सांगितलं होतं, त्याच तोंडाने हे सांगत होते. त्याला ते पटलं नाही, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

मग तो ऑफिसची वेळ झाली म्हणाला आणि सायकल काढून गेला.

मंगळवारी सकाळी पुण्याला उतरते आहे. ह्यांच्या अस्थी माझ्याजवळच आहेत. घ्यायला येऊ नकोस, मी येईन माझी. माझ्यावर जो काही लोभ उरला असेल तो राहू दे, आणि उरला नसेल तर तेही मला समजेल.

सरला